दर पावसाळ्यात केबलमध्ये पाणी का शिरते : एका १२ मीटर मनोऱ्याची तपासणी

दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरामागे १२ मीटर उंचीचा, तीन पायांचा जाळीदार लोखंडी मनोरा आहे. त्याच्या डोक्यावर १४ मेगाहर्ट्झची तीन काड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेली अँटेना, ती फिरवणारा रोटेटर आणि सर्वांत वर १४५ मेगाहर्ट्झची उभी अँटेना आहे. सलग तीन पावसाळे या उभ्या अँटेनाचा एकच बिघाड होत राहिला आणि दर वेळी मी तो चुकीच्या जागी दुरुस्त केला. किनाऱ्यावर किंवा घाटमाथ्यावर ज्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींचे मनोरे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल, म्हणून शोध कसा लागला ते आकड्यांसह लिहितो आहे.

लक्षण फसवे होते. मे महिन्यात शॅकमध्ये, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीत, १४५ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.४५ दिसत असे आणि डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आमचे संदेश पुढे पाठवणारे केंद्र, २५ वॅटवर सहज उघडत असे. जुलै उजाडला की रिपीटरवरून तक्रार येई, "तुमचा आवाज खरखरतोय", आणि आणखी आठ-दहा दिवसांनी रिपीटर उघडणेच बंद होई. मात्र त्याच सुमारास एसडब्ल्यूआर १.४५ वरून १.२ वर उतरलेला असे. मीटर चांगला आकडा दाखवत असल्याने केबल आणि अँटेना ठणठणीत आहेत असे मी धरून चालत होतो आणि दोष रिगमध्ये, म्हणजे रेडिओ संचात, मायक्रोफोनमध्ये, एका वर्षी तर रिपीटरमध्येही शोधत होतो.

एसडब्ल्यूआर सुधारला तर त्याचा आनंद मानू नये, हे इथे पहिल्यांदा नीट समजले. शॅकमधला मीटर अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजतो, आणि ती शक्ती केबलमधून दोनदा प्रवास करून आलेली असते, एकदा जाताना आणि एकदा येताना. माझी केबल आरजी-२१३ जातीची, ३२ मीटर लांबीची आहे. कोरड्या अवस्थेत १४५ मेगाहर्ट्झवर तिच्यात एका दिशेने साधारण २.७ डेसिबल घट होते, म्हणजे २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत १३ वॅटच्या आसपास पोहोचतात. केबल भिजल्यावर ही घट ६ डेसिबलपर्यंत गेली. तेव्हा अँटेनाला जेमतेम ६ वॅट मिळत होते, आणि तिच्याकडून परतणारी शक्तीही वाटेतच उष्णता होऊन संपत असल्याने मीटरला ती दिसतच नव्हती. अँटेना तशीच होती, तिचा मूळचा एसडब्ल्यूआर २ च्या आसपासच होता, फक्त मीटरवर ओल्या केबलचा पडदा पडला होता.

यावरची परीक्षा सोपी आहे आणि ती प्रत्येकाने कोरड्या दिवसांत एकदा करून वहीत लिहून ठेवावी. वरच्या टोकाची अँटेना सोडवायची, ते टोक मोकळे ठेवायचे आणि खालून नॅनोव्हीएनएने, म्हणजे केबल-अँटेना तपासणाऱ्या छोट्या यंत्राने, परतघट (पाठवलेल्या शक्तीपेक्षा परत येणारी किती कमी आहे ते) मोजायची. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत येते, त्यामुळे दिसणाऱ्या डेसिबलची निम्मी संख्या म्हणजे केबलची एका दिशेची घट. माझ्या केबलची कोरडी परतघट ५.४ डेसिबल असायला हवी होती. ती १२ भरली. नॅनोव्हीएनए नसेल तर साध्या एसडब्ल्यूआर मीटरवरही, अगदी कमी शक्तीवर आणि क्षणभरच, हे दिसते : वर काहीही जोडलेले नसताना चांगल्या केबलवर एसडब्ल्यूआर ३.३ च्या पुढे दिसायला हवा होता, माझा १.७ दिसत होता. जिथे अँटेनाच नाही तिथे इतका सुरेख एसडब्ल्यूआर येत असेल, तर केबल स्वतःच डमी लोड, म्हणजे सगळी शक्ती उष्णतेत जिरवणारे साधन, झाली आहे असे समजावे.

मल्टिमीटरनेही खात्री करून घेता येते, पण अँटेना सोडवूनच, कारण अनेक अँटेनांत केबलची मधली तार आणि तिच्याभोवतीची विणलेली जाळी एकमेकींना थेट जोडलेल्या असतात आणि मीटर शून्य दाखवतो. माझ्या केबलचा मधल्या तारेपासून जाळीपर्यंतचा रोध ४ लाख ओहम भरला, जिथे मीटरने काहीच दाखवायला नको होते. रोध अनंत आला म्हणून केबल निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाणी सुकून गेल्यावर मागे राहिलेली काळवंडलेली जाळी तशीच घट करत राहते.

आणखी एक भेद सांगून पुढे जातो. सर पडताना एसडब्ल्यूआर हलतो आणि ऊन पडल्यावर तासाभरात जागेवर येतो, तेव्हा पाणी बाहेर असते, अँटेनाच्या काड्यांवर किंवा इन्सुलेटरवर; यागीच्या बाबतीत मला हे दर वर्षी दिसते आणि त्यासाठी मी काही करत नाही. चार दिवस कडक उघडीप पडूनही आकडे बदललेलेच राहिले, तर पाणी आत आहे.

२०२१ साली मी खालचा कनेक्टर बदलला. रिगच्या मागचा पीएल-२५९ उघडला तेव्हा त्यातून पाण्याचा एक टपोरा थेंब टेबलावर पडला आणि मला वाटले, खिडकीतून ओल आली असावी. वास्तविक तो थेंब १२ मीटर उंचीवरून आलेला होता. केबलची विणलेली जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी शोषते आणि उतार मिळाला की ते थेट शॅकपर्यंत आणून सोडते. २०२२ साली मी संपूर्ण केबल नवी टाकली, वरची जोडणी टेपने गुंडाळली, आणि २०२३ च्या जुलैमध्ये पुन्हा तोच थेंब त्याच टेबलावर पडला. नवी केबल, नवा कनेक्टर, नवी टेप, आणि बिघाड मात्र जुनाच. तेव्हा कुठे मी केबलवरची नजर काढून मनोऱ्याकडे पाहिले.

मनोरा उभारतानाची मनःस्थिती इथे सांगायला हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि आमच्या दापोली-मंडणगड भागात माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात हा मनोरा उभा राहिला, त्यामुळे माझ्या डोक्यात तो कोसळू नये एवढा एकच विचार होता. तणावे, म्हणजे लाईनमन ज्यांना स्टे म्हणतात त्या तारा, सात पदरी जस्त चढवलेल्या आणि सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या घेतल्या, तीन दिशांना दोन-दोन. या तारा ज्यांना बांधतात ते नांगरही मनोऱ्याच्या पायापासून ९ मीटरवर काँक्रीटमध्ये गाडले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले तेव्हा मनोरा जागचा हलला नाही, याचा मला अभिमान होता. केबलमधले पाणी त्याच वर्षीच्या पावसाळ्यापासून सुरू झाले, हा योगायोग मी दोन वर्षे योगायोगच मानला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका वाऱ्याच्या दुपारी ओटीवर बसून दुर्बिणीने वर पाहत होतो. मनोऱ्याचा माथा प्रत्येक झुळकीला थोडा पुढे जाऊन परत येत होता आणि परत येताना एक बारीक हिसका बसत होता. उभ्या अँटेनाच्या बुडाशी असलेली केबल त्या हिसक्यासरशी झोके घेत होती, आणि तिचा सगळा झोका कनेक्टरपाशी, टेपच्या गुंडाळीवर, येऊन थांबत होता. केबल पहिल्या बांधणीपासून वर जवळपास पाऊण मीटर मोकळी होती, शिवाय ऊन खाऊन मधली दोन पांढरी नायलॉनची बंधने तुटून गेल्याने खालच्या केबलचाही भार तिच्यावर येत होता. आरजी-२१३ चे वजन मीटरला दीडशे ग्रॅमच्या पुढे असते; हे वजन दिवसाला हजारो वेळा टेपला ओढत असेल, तर टेप कितीही चांगली असो, तिची वरची कड सॉकेटपासून सुटणारच. पुढे वर चढल्यावर ती फट मी पाहिली. नखाची कड जेमतेम शिरेल एवढीच होती.

तणावे सैल झाले आहेत हे दिसले, पण ते का सैल होतात याचे उत्तर अजून बाकी होते, कारण दर मे महिन्यात मी टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा सांधा, फिरवून ते घट्ट करत आलो होतो. तार ढिली पडण्याच्या जागा तीन असतात : टर्नबकल उलटे फिरते, क्लॅम्पमधून तार सरकते, किंवा नांगरच जमिनीतून वर येतो. कोणती जागा दोषी हे नुसते पाहून कळत नाही. मी बायकोकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक तणाव्यावर तीन खुणा केल्या, एक टर्नबकलच्या आट्यांवर, दुसरी क्लॅम्पच्या अगदी लगत तारेवर आणि तिसरी नांगराची सळई काँक्रीटमधून बाहेर येते तिथे. वाऱ्याचे तीन आठवडे गेल्यावर खुणा पाहिल्या. नैर्ऋत्येकडच्या वरच्या तणाव्याचे टर्नबकल दीड फेरा उघडले होते. पूर्वेकडच्या वरच्या तणाव्याची तार क्लॅम्पमधून ८ मिलिमीटर सरकली होती. नांगर तिन्ही ठिकाणी जागच्या जागी होते. आमच्याकडच्या जांभ्याने ते घट्ट धरले आहेत, पण भाताच्या खाचरातल्या किंवा भराव टाकलेल्या जमिनीत ही तिसरी खूण सर्वांत आधी पाहावी.

दीड फेरा आणि ८ मिलिमीटर हे आकडे ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब मांडतो. वरच्या तणाव्याची लांबी १४.६ मीटर आहे आणि त्याला तुटण्याच्या मर्यादेच्या १० टक्के, म्हणजे माझ्या तारेच्या बाबतीत सुमारे १५० किलो, ताण द्यायचा आहे. एवढ्या ताणाने ही पोलादी तार फक्त ९ मिलिमीटर लांबते. सगळा ताण त्या ९ मिलिमीटरमध्येच साठवलेला असतो. टर्नबकलच्या एका फेऱ्याला दोन्ही टोकांचे आटे मिळून साडेतीन मिलिमीटर, म्हणजे दीड फेऱ्याचे सव्वापाच, आणि त्यात क्लॅम्पमधले ८ मिळवले की १३ मिलिमीटरच्या वर ढील होते. मनोरा थोडा कलून ही ढील तिन्ही बाजूंच्या तारांत सारखी वाटून घेतो, म्हणजे प्रत्येक तारेचे साधारण साडेचार मिलिमीटर जातात. अर्धा ताण गेला. खालून पाहणाऱ्याला तारा अजूनही सरळच दिसतात.

ताण मोजायचे यंत्र हाताशी नसेल तर मोबाईल पुरतो, हे मला पुतण्याने दाखवले. पहाटे वारा पडलेला असताना तणाव्याला मध्यावर हाताने धक्का द्यायचा, तार आडवी डोलू लागली की मंदगती चित्रण करायचे आणि नंतर सावकाश झोके मोजायचे. मीटरला ११५ ग्रॅम वजनाची, १४.६ मीटर लांबीची तार १५० किलो ताणाखाली १० सेकंदांत सुमारे ३९ पूर्ण झोके घेते. ताण निम्मा झाला की झोके २८ वर येतात. माझ्या तारांत ओळीत अंडी, म्हणजे अंड्याच्या आकाराचे चिनीमातीचे इन्सुलेटर, आहेत आणि त्यांच्या वजनामुळे हा आकडा थोडा बदलतो, त्यामुळे मी नेमक्या किलोंवर फार विसंबत नाही. एकाच उंचीवरच्या तिन्ही तारांचे झोके सारखे आहेत ना आणि मागच्या नोंदीपेक्षा ते उतरले नाहीत ना, एवढेच पाहतो. २८, २८ आणि २९ अशी त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत आहे.

दुरुस्ती नारळी पौर्णिमेनंतर, वाऱ्याचा जोर ओसरल्यावर आणि लोखंड कोरडे असताना केली. ओल्या मनोऱ्यावर चढू नये, आणि मनोऱ्यावर माणूस असताना खाली कोणीही तणाव्याचा नट सैल करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. ज्या तणाव्यावर काम करायचे त्याच्या शेजारी आधी तात्पुरता दोर त्याच नांगराला ताणून घेतला, पूर्ण अंगाचा पट्टा आणि दोन दोऱ्या वापरल्या, जेणेकरून एक हलवताना दुसरी अडकवलेलीच राहील. विजेच्या तारा मनोऱ्याच्या उंचीहून जवळ असतील तर हे काम घरचे मानूच नये.

क्लॅम्प पाहायला गावातल्या एका लाईनमनला बोलावले होते. त्याने एकदाच पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हे उलटे बसवलेत." यू-क्लॅम्पचे दोन भाग असतात, एक खाचांची बैठक आणि दुसरा वाकवलेला यू. बैठक नेहमी भार घेणाऱ्या तारेवर बसली पाहिजे आणि यू परत वळवलेल्या मोकळ्या शेपटावर. माझे तीनपैकी दोन क्लॅम्प उलटे होते. यूने भाराची तार चेपून तिचे पदर दुखावले होते आणि बैठक बिनभाराच्या शेपटाला निष्ठेने धरून बसली होती. चेपलेला भाग कापून टाकला, फासाच्या आत बसणारे लोखंडी थिंबल घालून तार नव्याने वळवली, तीन क्लॅम्प एकाच दिशेने आणि एकमेकांपासून तीन सेंटिमीटरवर बसवले, आणि पूर्ण ताण दिल्यानंतर नट पुन्हा एकदा आवळले, कारण ताण आल्यावर तार किंचित बारीक होते आणि पहिले आवळणे सैल पडते.

टर्नबकलचा दोष त्याहून साधा होता. वाऱ्याने तार सतत थरथरते आणि ती थरथर कुलूप नसलेले टर्नबकल हळूहळू उघडत नेते. आता प्रत्येक टर्नबकलच्या पोटातून आणि दोन्ही कड्यांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी जस्ताची तार ओवली आहे. त्यामुळे ते फिरूच शकत नाही. आट्यांना ग्रीस लावले, कारण इथल्या खाऱ्या हवेत तीन वर्षांत टर्नबकल जाम होते आणि मग ताण बदलायचा म्हटले तरी बदलता येत नाही.

मनोरा सरळ उभा आहे ना, हे ताण देताना ओळंब्याने दोन बाजूंनी पाहिले. ते काम सकाळी आठच्या आत उरकावे, कारण ऊन चढले की एका बाजूचा पाय तापून मनोरा किंचित कलतो. १२ मीटर उंचीला तीन सेंटिमीटरपर्यंतचा कल मी चालवून घेतो. पहिल्या प्रयत्नात मी एकच तणावा ओढत सुटलो आणि मनोरा त्या बाजूला झुकला. तिन्ही टर्नबकल आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवत नेल्यावर तो सरळ राहिला.

त्यानंतर केबलकडे वळलो. वरच्या टोकापासून एक-एक मीटर कापत गेलो, पण सहाव्या मीटरलाही जाळी तांब्याची लकाकी सोडून काळपट तपकिरी झालेली होती, म्हणून पूर्ण केबल टाकून दिली. केस सुकवायच्या यंत्राने केबल वाळवण्याचा प्रयोग मी आदल्या वर्षी केला होता. त्याने फक्त वीज जळते.

नव्या केबलची वरची जोडणी अशी केली. कनेक्टर हाताने पूर्ण आवळल्यावर आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर दिला, म्हणजे पुढे कधी उघडताना चिकटा सॉकेटला लागणार नाही. त्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप दुप्पट लांब होईपर्यंत ताणून, प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकत, सॉकेटच्या गळ्यापासून केबलवर १० सेंटिमीटर खालपर्यंत गुंडाळली. रबरी टेप उन्हाने फुटते, म्हणून तिच्यावर पुन्हा काळी पीव्हीसी टेप आली, आणि हा शेवटचा थर खालून वर चढवला. घरावर कौले घालताना खालची ओळ आधी आणि वरची तिच्यावर येते, तसेच वेढे एकमेकांवर बसले की ओघळणारे पाणी सांध्यात शिरत नाही. शेवटचा वेढा न ताणता नुसता टेकवून सोडावा. ताणलेला वेढा उन्हात आक्रसून सुटतो. सिलिकॉन वापरायचेच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे वापरू नये, त्यातले आम्ल तांबे खाते.

एवढी काळजी घेऊनही केबल झोके घेत राहिली असती तर पुढच्या जुलैत मी पुन्हा तिथेच आलो असतो, म्हणून कनेक्टरपासून ३० सेंटिमीटरच्या आत केबल अँटेना धरणाऱ्या मस्तूलाला बांधली, आणि खाली दर मीटरला एक या हिशेबाने उन्हाला टिकणारी काळी बंधने घातली. रोटेटरपाशी केबलचा सैल वेटोळा ठेवला, तोही २० सेंटिमीटरपेक्षा लहान व्यासाचा नाही. एलएमआर-४०० सारखी, मधली तार एकसंध असलेली केबल ज्यांच्याकडे आहे त्यांनी या वेटोळ्याच्या जागी बहुपदरी मधली तार असलेला लवचिक तुकडा जोडावा, कारण एकसंध तार वारंवार वळून आतल्या आत तुटते आणि तो दोष शोधताना माणूस हैराण होतो. घरात शिरण्याआधी केबल भोकाच्या पातळीखाली उतरवून पुन्हा वर घेतली आहे, म्हणजे बाहेरचे पाणी त्या वळणावरच गळून जाते. मळभ गडगडू लागले की ती रिगपासून सोडवून बाहेरच्या भूसंपर्कित पट्टीवर लावतो. उघडे टोक टेबलावर ठेवत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दोन गोष्टी तपासल्या, नेलपॉलिशच्या खुणा आणि झोके. खुणा हलल्या नाहीत. झोके जूनमध्ये ३९ होते आणि सप्टेंबरअखेर ३८. एसडब्ल्यूआर १२ जूनला १.४५ होता आणि गणपतीतही १.४५ च होता. यंदा मे महिन्यात वर चढून टेपची वरची कड बोटाने चाचपून पाहिली, ती जागेवर होती; मात्र वायव्येकडच्या खालच्या तणाव्यावरच्या एका अंड्याला बारीक तडा दिसला. दोन तारांचे फास अंड्यात एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते फुटले तरी तार सुटत नाही, पण ढील मात्र नक्कीच पडेल, म्हणून ते बदलून त्या तणाव्याची नवी नोंद वहीत घेतली आहे.